एक्सलचे रबरी बूट : सारी भिस्त एका पट्टीवर

बिरवाडी (ता. महाड) : मुंबई-गोवा महामार्ग सोडून बिरवाडीकडे वळलेली मोटार औद्योगिक वसाहतीला वळसा घालून वरंधच्या दिशेने निघते, तेव्हा तिच्या पुढच्या चाकांची खरी परीक्षा सुरू होते. समर्थ रामदासांच्या नावाशी जोडलेली शिवथरघळ पाहायला जायचे असो, वरंधा घाट चढून भोरला उतरायचे असो, किंवा पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठायचे असो. रस्ता वळणांचा, चढउतारांचा आणि पावसाळ्यात चिखलपाण्याचा. या वाटेवर निघण्यापूर्वी वाहनमालक टायरमधील हवा पाहतो, ब्रेक तपासून घेतो, वायपरची रबरे बदलतो. पुढच्या चाकामागे दडलेल्या घड्यांच्या एका रबरी टोपणाकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. हे टोपण जागच्या जागी धरून ठेवणारी अरुंद धातूची पट्टी तर बहुतेकांनी कधी पाहिलेलीही नसते. तथापि, ही पट्टी सुटली तर काही दिवसांतच एक महागडा सांधा निकामी होऊ शकतो, आणि तो घाटात निकामी झाला तर प्रश्न केवळ खर्चाचा राहत नाही.

गॅरेजच्या भाषेत या टोपणाला ‘एक्सल बूट’ म्हणतात. आत असतो तो ‘सीव्ही जॉइंट’, आणि बूट आवळून धरते ती ‘क्लिप’ किंवा ‘क्लॅम्प’. या तिघांचा परस्परसंबंध समजून घेतला की दुरुस्तीत कोठे चूक होते आणि ती कशी टाळावी, हे सहज ध्यानात येते.

चाक वळते, तरी फिरते कसे?

अॅम्बेसेडर आणि प्रीमिअर पद्मिनी या एके काळी रस्त्यांवर राज्य करणाऱ्या मोटारींमध्ये इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना मिळत असे. पुढची चाके केवळ वळण्याचे काम करीत. १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढच्या चाकांना शक्ती देणारी रचना भारतातील मध्यमवर्गीय घरांत पोहोचली. पुढे १९९८ मध्ये आलेल्या सँट्रो आणि इंडिका यांनीही हीच रचना स्वीकारली. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुसंख्य छोट्या मोटारी याच पद्धतीच्या आहेत.

या रचनेत पुढच्या चाकांवर दुहेरी जबाबदारी येते. त्यांना शक्तीही घ्यायची असते आणि वळायचेही असते. शिवाय खड्ड्यागणिक ती वरखाली होतात. गिअरबॉक्स मात्र जागचा हलत नाही. म्हणजेच गिअरबॉक्स आणि चाक यांना जोडणाऱ्या दांड्याला दोन्ही टोकांना लवचीक सांधे हवेत, आणि सांधा वाकलेला असतानाही चाक एकसारख्या गतीने फिरले पाहिजे. जुन्या गाड्यांच्या लांब शाफ्टला असणारा साधा ‘युनिव्हर्सल जॉइंट’ येथे पुरा पडत नाही. तो वाकलेल्या स्थितीत फिरला, तर प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. वळणाऱ्या चाकाला हे हिसके परवडत नाहीत.

फोर्ड कंपनीतील अभियंता आल्फ्रेड झेप्पा याने १९२० च्या दशकात यावर तोडगा काढला. वाटीसारख्या कवचात आतून वक्र खाचा, मध्ये खाचा असलेला गाभा, आणि दोहोंच्या खाचांत पकडलेल्या सहा पोलादी गोळ्या, अशी त्याच्या सांध्याची रचना होती. सांधा कसाही वाकला तरी गोळ्या नेहमी कोनाच्या नेमक्या मध्यावर राहतात, त्यामुळे गती एकसारखी राहते. १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या ‘मिनी’ या छोट्या मोटारीने हा सांधा घरोघरी नेला. आजही मोटारीच्या चाकाकडील सांधा बहुधा याच पद्धतीचा असतो. गिअरबॉक्सकडील आतल्या सांध्यात अनेकदा तीन रोलर असलेली रचना असते. चाक वरखाली झाले की दांड्याची लांबी थोडी कमीजास्त व्हावी लागते, ती सोय हा आतला सांधा आत-बाहेर सरकून करतो.

शत्रू भार नव्हे, धूळ

हे सांधे मजबूत पोलादाचे असतात. स्वच्छ ग्रीसमध्ये ते लाखभर किलोमीटर आणि त्याहूनही अधिक काळ तक्रारीविना चालू शकतात. त्यांचा नाश होतो तो भाराने नव्हे, तर धुळीने आणि पाण्याने. गोळ्या आणि खाचा यांच्यातील ग्रीसचा पातळ थर हीच सांध्याची जीवनरेषा. त्यात वाळूचे कण शिरले की ग्रीस वंगण न राहता घासण्याची लुकणी बनते. पाणी शिरले की गंज चढतो. मग गोळ्यांच्या खाचांत खळगे पडतात, आणि वळताना ‘कट-कट-कट’ असा आवाज सुरू होतो.

ही धूळ बाहेर आणि ग्रीस आत ठेवण्याचे काम बुटाचे. तो निओप्रीनसारख्या कृत्रिम रबराचा किंवा रबरासारख्या लवचीक पण चिवट प्लास्टिकचा असतो. त्याच्या कामाचा अंदाज एका साध्या हिशेबाने येईल. छोट्या मोटारीचे चाक एका किलोमीटरमध्ये साधारण ५०० ते ६०० वेळा फिरते. मुंबई ते महाड हे अंतर सुमारे १७० किलोमीटर धरले, तर एवढ्या प्रवासात चाक ८५ हजार ते एक लाख वेळा फिरते. सांधा वाकलेला असताना प्रत्येक फेऱ्यात बुटाची एकेक घडी एकदा मिटते आणि एकदा उघडते. घाटातील वळणावर ही घडी अधिक आवळली जाते आणि अधिक ताणली जाते. त्याच वेळी फिरण्याच्या वेगामुळे आतले ग्रीस बाहेरच्या दिशेने फेकले जाते, म्हणजे बुटाच्या मोठ्या तोंडाशी असलेल्या क्लिपवर सतत आतून दाब येतो.

महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात या सर्वांवर पावसाची भर पडते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या भागात दर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खड्ड्यांत पाणी साचते, पाण्यात लाल माती आणि खडीची कच मिसळते, आणि फिरणारे चाक हा गढूळ मारा थेट बुटावर करते. प्रवासाने तापलेला सांधा थंड पाण्यात बुडाला, की बुटातील गरम हवा आकुंचन पावते. अशा वेळी क्लिप सैल असेल तर बूट बाहेरचे पाणी आत ओढून घेतो. जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली गेले होते. अशा पुरात बुडालेल्या मोटारीचे इंजिन आणि वायरिंग तपासले जाते, पण बूट उघडून ग्रीस दुधाळ झाले आहे काय, हे पाहणेही तितकेच आवश्यक असते.

क्लिपचे प्रकार आणि त्यांची पात्रता

बुटाला दोन तोंडे असतात. लहान तोंड दांड्यावरील खाचेत बसते, तर मोठे तोंड सांध्याच्या कवचावर. दोन्ही ठिकाणी रबराच्या आतल्या बाजूस एक उंचवटा असतो, तो धातूतील खाचेत नेमका बसावा लागतो. क्लिपचे काम हा उंचवटा खाचेतून निसटू न देणे एवढेच आहे. उंचवटा खाचेत बसलेला नसेल, तर क्लिप कितीही आवळली तरी उपयोग होत नाही.

कारखान्यातून येणाऱ्या क्लिप प्रामुख्याने दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात पट्टीला एक उंच ‘कान’ असतो. विशिष्ट पकडीने हा कान दोन्ही बाजूंनी चिमटला की पट्टी आवळली जाते. दुसऱ्या प्रकारात सपाट पट्टी खास हत्याराने ओढून, तिचे टोक दुमडून, वरच्या पाकळ्यांत अडकवले जाते. पट्टी दुमडताना दिशाही महत्त्वाची. मोटार पुढे जाताना दांडा ज्या दिशेने फिरतो, त्याच्या उलट दिशेला पट्टी दुमडावी, असा संकेत आहे. दिशा चुकली तर वाटेतील गवत, काटक्या किंवा चिखलाचा मारा हे टोक हळूहळू उघडू शकतो.

या मूळ क्लिपऐवजी गॅरेजात कधी कधी हाताशी असेल ते वापरले जाते. पाण्याच्या नळीला लावतात तशी स्क्रूची क्लिप हा त्यांतील सर्वांत परिचित पर्याय. ती आवळायला सोपी असते, परंतु तिचा स्क्रू एका बाजूला जड आणि उंच असतो. दांडा वेगाने फिरताना हा उंच भाग जवळच्या सुट्या भागावर आपटू शकतो. शिवाय पट्टीतील आडव्या चिरा रबरात रुततात, आणि स्क्रूच्या खालच्या भागात दाब सारखा पडत नाही. बाइंडिंगची तार रबर कापते. प्लास्टिकची केबल टाय उष्णतेने आणि ग्रीसने कालांतराने सैलावते. बूट कडक प्लास्टिकचा असेल तर हे पर्याय अधिकच तोकडे पडतात, कारण अशा बुटाला रबरी बुटापेक्षा जास्त ताणाची पट्टी लागते. यास्तव वाटेत अडलेल्या गाडीला जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्यापुरताच या पर्यायांचा आधार घ्यावा. एकदा काढलेली मूळ क्लिपही पुन्हा वापरू नये. एकदा वाकलेला धातू दुसऱ्यांदा तितकीच पकड देत नाही.

बूट बसविण्याची रीत

बूट बदलणे हे बहुतेक मोटारींमध्ये दांडा बाहेर काढूनच करावयाचे काम आहे. चाकाच्या मधला मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करतात, मग गाडी जॅकवर उचलून भक्कम स्टँडवर ठेवतात. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणे जिवावर बेतू शकते.

दांडा बाहेर आल्यावर सांधा उघडण्यापूर्वी भागांवर खुणा करून ठेवाव्यात, म्हणजे प्रत्येक भाग आपल्या मूळ जागी परत जातो. जुने ग्रीस पूर्णपणे पुसून सांधा धुऊन कोरडा करावा आणि खाचांवरून बोट फिरवून पाहावे. खळगे, ओरखडे किंवा तापून निळसर झालेले डाग आढळले, तर नवा बूट चढवणे म्हणजे पडक्या घराला नवे दार बसवणे होय. अशा वेळी सांधाच बदलावा लागतो. खाचा गुळगुळीत असतील तर मात्र काही शे रुपयांचा बूट काही हजार रुपयांचा सांधा वाचवतो.

यानंतरचा क्रम घाईचा नव्हे. दांड्याच्या टोकाशी असलेल्या दातांवर चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे बूट सरकवताना त्याची कड कापली जात नाही. आधी लहान क्लिप, मग बूट, त्यानंतर सांधा आणि त्याचे लॉक, अशा क्रमाने भाग चढवावेत. ग्रीस बुटाच्या संचातलेच आणि सांगितले आहे तेवढेच भरावे. चाकाकडील सांध्यासाठी सामान्यतः मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेले काळपट ग्रीस असते, तर आतल्या सांध्यासाठी काही मोटारींत वेगळे ग्रीस दिलेले असते. दोहोंची सरमिसळ करू नये. बेअरिंगसाठीचे साधे ग्रीस येथे चालत नाही. ग्रीसचा काही भाग गोळ्यांच्या खाचांत दाबून भरावा आणि उरलेला बुटात सोडावा.

क्लिपच्या दृष्टीने सर्वांत निर्णायक टप्पा येथेच येतो. बुटाच्या दोन्ही तोंडांच्या आतल्या कडा आणि त्या जेथे बसतात ती धातूची जागा पूर्णपणे कोरडी पुसून घ्यावी. त्या जागी ग्रीसचा नुसता थर राहिला, तरी घट्ट आवळलेला बूटही हळूहळू घसरतो. अनेकदा ‘क्लिप कमकुवत निघाली’ असे म्हटले जाते, तेव्हा दोष क्लिपचा नसतो, तर न पुसलेल्या कडेचा असतो.

आतल्या सांध्याच्या बाबतीत लांबीचेही भान ठेवावे लागते. सांधा पूर्ण आत ढकललेला किंवा पूर्ण बाहेर ओढलेला असताना क्लिप आवळल्या, तर पुढे चाक वरखाली होताना बूट ताणला तरी जातो किंवा फुगतो तरी. म्हणून माहितीपुस्तिकेत दिलेल्या लांबीवर सांधा धरूनच क्लिप लावतात. बूट पिळलेला नाही, त्याच्या घड्या सरळ आहेत, हेही पाहतात. त्यानंतर लहान तोंडाची कड बोथट स्क्रू ड्रायव्हरने अलगद उचलून आतली हवा बाहेरच्या हवेशी समान करतात. हवा कोंडली गेली तर बूट फुग्यासारखा होतो आणि कमी राहिली तर घड्या आत ओढल्या जातात. दोन्हींमुळे घड्या एकमेकींवर घासून झिजतात.

शेवटी क्लिप. ‘जितकी घट्ट तितकी चांगली’ हा समज येथे घातक ठरतो. अतिघट्ट पट्टी रबर कापते, सैल पट्टी ग्रीस सोडते. योग्य आवळलेली पट्टी हाताने फिरवू पाहिल्यास फिरत नाही, आणि तिच्या दोन्ही बाजूंना रबर फुगून वर आलेले दिसत नाही. कानाची क्लिप साध्या पकडीने वेडीवाकडी दाबण्याऐवजी तिच्यासाठीच असलेल्या पकडीने सरळ चिमटावी. दांडा गाडीत बसवल्यावर चाकाचा मधला नट नवा वापरून ठरवून दिलेल्या ताकदीने आवळावा. मग स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवून बूट कशालाही घासत नाही याची खात्री करावी. शंभर-दोनशे किलोमीटर गाडी चालल्यावर क्लिपच्या कडेला ग्रीसची रेघ दिसते काय, हे एकदा पाहिले की काम पूर्ण झाले, असे समजावे.

मालकाने काय पाहावे?

दुरुस्ती मेकॅनिकची असली, तरी तपासणी कोणालाही करता येते. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, इंजिन बंद करावे आणि स्टिअरिंग एका बाजूस पूर्ण वळवावे. चाकामागे विजेरीचा झोत टाकला की बाहेरचा बूट स्पष्ट दिसतो. घड्यांच्या खोलगट भागात चिरा आहेत काय, क्लिप जागेवर आहे काय, कडेला ओलसर काळे ग्रीस आहे काय, ते पाहावे. मग दुसऱ्या बाजूसही तसेच करावे. आतला बूट पाहण्यासाठी मात्र गाडी रॅम्पवर घ्यावी लागते. सर्व्हिसिंगला दिलेल्या वेळी तसे आवर्जून सांगावे.

लक्षणांचा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. पहिली खूण आवाजाची नव्हे, तर ग्रीसची असते. चाकाच्या आतल्या बाजूस, ब्रेकच्या आसपास काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले, की क्लिप तरी सुटली आहे किंवा बूट तरी फाटला आहे. या टप्प्यावर सांधा बहुधा वाचतो. पुरेसे वळून गाडी चालवताना कटकट ऐकू येऊ लागली, तर बाहेरच्या सांध्याची झीज झालेली असते. चढावर अॅक्सिलरेटर दाबताच गाडी थरथरत असेल, तर संशय आतल्या सांध्यावर घ्यावा. आवाज सुरू झाल्यानंतर नुसता बूट बदलून तो थांबत नाही.

ही जबाबदारी मालकाचीच आहे, याला आणखी एक कारण आहे. ब्रिटनमध्ये मोटारींच्या वार्षिक तपासणीत या बुटांची पाहणी होते, आणि धूळ रोखू न शकणारा फाटका बूट आढळल्यास गाडी तपासणीत नापास ठरते. भारतात खासगी मोटारीची योग्यता तपासणी सर्वसाधारणपणे नोंदणीला १५ वर्षे झाल्यावर होते. पीयूसी प्रमाणपत्र केवळ धुराविषयी असते. म्हणजे इतकी वर्षे चाकामागे डोकावून पाहणारे कोणीही नसते. विद्युत मोटार घेतल्यानेही यातून सुटका होत नाही. इंजिन गेले तरी मोटरपासून चाकापर्यंतचे दांडे, सांधे आणि बूट राहतातच.

घाटातील धोका

झिजलेला सांधा पूर्ण निखळला, तर काय होते, हे समजून घेतले की या पट्टीचे मोल कळते. गिअरबॉक्समधील डिफरन्शिअलची रचना अशी असते, की एका बाजूचा दांडा मोकळा झाला तर दुसऱ्या बाजूलाही शक्ती पोहोचत नाही. इंजिन चालू असते, गिअर पडलेला असतो, पण गाडी हलत नाही. चढावर ती अडते, एवढेच नव्हे. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा जो लगाम गाडीवर असतो, तोही त्याच क्षणी सुटतो, आणि सारा भार ब्रेकवर येतो. वरंधा किंवा आंबेनळीसारख्या लांब उतारावर ब्रेक आधीच तापलेले असतात. गाडी थांबवल्यानंतरही धोका संपत नाही. गिअरमध्ये ठेवलेली गाडी अशा स्थितीत उतारावर उभी राहत नाही. हँडब्रेक पूर्ण ओढून चाकांना दगडाची अटकाव लावणे हाच उपाय उरतो.

म्हणून बिरवाडी किंवा पोलादपूरला पोहोचेपर्यंत वळणावर कटकट ऐकू येऊ लागली असेल, तर पुढच्या घाटाकडे न जाता गाडी तेथेच गॅरेजला दाखवावी. केवळ क्लिप सुटली असेल आणि आवाज नसेल, तर बुटाचे तोंड पुसून जागेवर बसवून केबल टायने तात्पुरते बांधावे, गाडी सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत न्यावी आणि ग्रीस बदलून नवी क्लिप लावून घ्यावी.

गणेशोत्सवाला चाकरमान्यांच्या गाड्या याच महामार्गाने तळकोकणाकडे जातात, तेव्हा पावसाळा सरलेला नसतो आणि खड्डेही बुजलेले नसतात. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा, चाकामागे विजेरी धरून पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. नव्या बुटाचे बिल हाती आले की मेकॅनिकला एवढेच विचारावे : कडा पुसल्या होत्या का, आणि क्लिप नवी लावली का? या दोन प्रश्नांची उत्तरे ‘हो’ असतील, तर पुढचा घाट निश्चिंतपणे चढता येईल आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, उतरता येईल.